रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

आपला धाराशिव जिल्हा काळ्या कातळावर वसलेला आहे. नळदुर्गचा तट याच दगडाने उभारला आणि धाराशिवची लेणी याच दगडात कोरली गेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा दगड. दोन उद्रेकांमधील शांत काळात त्यावर तळी साचत, झाडे उगवत. पुढचा लाव्हा येऊन ते सारे झाकून टाकी. या मधल्या पातळ थरांचे मोल ज्यांनी प्रथम ओळखले, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपूर प्रांती आले व १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. धर्मप्रसार व अध्यापन हे त्यांचे काम. फावला वेळ मात्र दगडमातीत जाई. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासमवेत त्यांनी नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून फळे, बिया, शिंपले व कीटकांचे अवशेष जमवले. गोंडांची भाषा व चालीरीती यांच्याही नोंदी त्यांनी केल्या.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पाण्याने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. वयाची ४६ वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते.

हे थर डायनोसॉरांच्या नंतरचे असावेत, असे हिस्लॉप यांचे मत होते. पुढील संशोधनाने त्यांतील काही थर डायनोसॉरांच्याच काळातले ठरले. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद व अशोक साहनी यांनी विकाराबादजवळच्या नस्कल येथील अशाच थरातील इवलेसे दात अभ्यासून प्रसिद्ध केले. डायनोसॉरांच्या अखेरच्या युगातील सस्तन प्राण्याचा भारतातील तो पहिला पुरावा. आज नामशेष झालेल्या त्या चिमुकल्या प्राण्याला नाव मिळाले डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. पुढे सापडलेल्या घोट्याच्या हाडांवरून तो झाडांवर चढणारा असावा, असे दिसून आले.

हिस्लॉप यांनी हा प्राणी कधीच पाहिला नाही. त्यांचा कालनिर्णयही टिकला नाही. टिकली ती त्यांची नजर. आपल्या शिवारात विहीर खोदताना दोन कातळांमध्ये मातीचा पट्टा लागला, तर ती माती फेकून देण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहावी, एवढे तरी आपण त्यांच्याकडून शिकावे.