जेम्स क्लार्क मॅक्सवेल : आकृती ताठ कधी होते हे मोजणारा शास्त्रज्ञ



प्रत्येक वर्गात एखादं मूल असतंच, जे ही वस्तू कशी चालते असं विचारून आपल्याला भंडावून सोडतं. आज अशाच एका मुलाची ओळख करून घेऊया.

मॅक्सवेल यांचा जन्म १३ जून १८३१ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे झाला. आठव्या वर्षी आई गेली. घरी शिकवायला ठेवलेला मास्तर मारकुटा निघाला. मग शाळेत घातलं, तर खेडवळ बोलणं आणि घरी शिवलेले कपडे बघून मुलं त्याला वेडपट म्हणून चिडवायची. याच मुलाने चौदाव्या वर्षी टाचण्या, दोरा आणि पेन्सिल वापरून अंडाकृती वक्र काढण्याची रीत मांडली! १८४६ मध्ये तो निबंध एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. मुलगा फारच लहान, म्हणून प्राध्यापक फोर्ब्स यांनी तो वाचून दाखवला.

पुढे १८६४ मध्ये त्यांनी सांगाड्यांच्या ताठपणावर लेख लिहिला. तुम्हीही करून बघा. काडेपेटीच्या चार काड्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून चौकोन करा. तो डळमळतो. पाचवी काडी कर्णासारखी बसवा, की दोन त्रिकोण होतात आणि आकृती ताठ!

याचा हिशोब सोपा आहे. कागदावरचा प्रत्येक बिंदू आडवा आणि उभा असा २ प्रकारे हलतो. चार बिंदूंचे झाले ८. पण ताठ आकृतीसुद्धा अख्खी आडवी सरकते, उभी सरकते आणि फिरते, म्हणून ३ वजा करा. उरल्या ५ काड्या. मात्र काड्या योग्य जागी हव्यात, नुसती संख्या पुरत नाही.

आज संगणकावर कॅडमध्ये नकाशा काढताना अनेक रेषा एकत्र बांधून एक ताठ गट करतात. मग त्यातली एकेक रेषा वेगळी हलत नाही, अख्खा गट त्याच ३ प्रकारे हलतो. म्हणजे हिशोब तोच!

प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हेही मॅक्सवेल यांनीच मांडलं. ५ नोव्हेंबर १८७९ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी, आईला झालेल्याच पोटाच्या कर्करोगाने ते गेले. आईही साधारण त्याच वयात गेली होती.

तर मित्रांनो, उद्या वर्गात कुणी कुणाला वेडपट म्हटलं, तर आधी त्या मुलाच्या हातात चार काड्या द्या, आणि पाचवी कुठे बसवायची ते त्यालाच शोधू द्या.