हिऱ्यांच्या वर्णपटापासून हवामानाच्या उपकरणांपर्यंत : अ‍ॅना मणी

मुलीच्या आठव्या वाढदिवशी तिला हिऱ्याच्या कुड्या देण्याची मणी कुटुंबाची रीत होती. त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे २३ ऑगस्ट १९१८ रोजी जन्मलेल्या अ‍ॅना मणी यांनी मात्र कुड्या नाकारून एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागून घेतला. पुढे हिरे त्यांच्या हाती आले, ते प्रयोगशाळेतील नमुने म्हणून.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९३९ मध्ये पदवी घेतल्यावर त्या १९४० मध्ये शिष्यवृत्तीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे संशोधनासाठी दाखल झाल्या. रामन यांच्या संग्रही तीनशेच्या आसपास हिरे होते. अतिनील किरणांत काही हिरे निळसर, तर काही हिरवट उजळतात आणि काही मुळीच उजळत नाहीत. या भेदाचे कारण शोधणे हे मणी यांचे काम होते. ही प्रभा इतकी मंद असते की, वर्णपटाची एक काच घेण्यासाठी तिच्यावर पंधरा ते वीस तास प्रकाश पडू द्यावा लागे. अनेक रात्री त्यांनी प्रयोगशाळेतच काढल्या. निळ्या प्रभेशी ४१५ नॅनोमीटरजवळची आणि हिरवट प्रभेशी ५०३ नॅनोमीटरजवळची रेषा निगडित असून त्याच जागी हिरा प्रकाश शोषूनही घेतो, असे या अभ्यासातून स्पष्ट झाले. १९४२ ते १९४५ या काळात त्यांचे पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

ही प्रभा हिऱ्याच्या मूळ रचनेतूनच येते, अशी रामन यांची धारणा होती. ती टिकली नाही. हिऱ्यात नायट्रोजनची अशुद्धी असते, हे १९५९ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. रिकाम्या अणुस्थानाभोवती नायट्रोजनचे तीन अणू असा दोष ४१५ च्या रेषेमागे असल्याचे नंतर कळले. स्पष्टीकरण बदलले, मोजमाप मात्र कायम राहिले. बहुतेक कृत्रिम हिऱ्यांत ही रेषा आढळत नसल्याने नैसर्गिक हिरा ओळखताना तिचा आजही उपयोग होतो.

ऑगस्ट १९४५ मध्ये मणी यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला. एम. एससी. पदवी नसल्याचे कारण देऊन विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. नाकारली. पाच शोधनिबंधांपुढे हे कारण तोकडेच म्हणावे लागेल. तो प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

त्याच वर्षी शिष्यवृत्ती मिळून त्या लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेल्या. ही शिष्यवृत्ती हवामानशास्त्रीय उपकरणांसाठी होती आणि त्यामुळे त्यांच्या कार्याची दिशाच बदलली. १९४८ मध्ये परतल्यावर त्या पुण्याला भारतीय हवामान विभागात रुजू झाल्या. साधी उपकरणेही तोवर परदेशातून आणावी लागत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांचे देशात उत्पादन सुरू करविले. चुकीचे मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, या मताच्या त्या होत्या. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, १९५७-५८ मध्ये, त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. ओझोन मोजण्याचे भारतीय उपकरणही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले.

हवामान विभागाच्या उपमहासंचालकपदावरून १९७६ मध्ये त्या निवृत्त झाल्या. भारतातील सौर प्रारणाविषयीचे त्यांचे ग्रंथ त्यानंतरचे. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.