हृदयरोग्यांचे उपकारकर्ते डॉ. विल्यम विदरिंग

वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारीपाजारी एखादे वयस्कर हृदयरोगी असतील, तर त्यांच्या औषधांच्या डबीत एक अगदी बारीक पांढरी गोळी आपण कदाचित पाहिली असेल. डिजॉक्सिन हे तिचे नाव. माझ्या वालिदसाहेबांना ती कित्येक वर्षे चालू होती. आठवड्यातून पाच दिवस घ्यायची आणि दोन दिवस सुट्टी, असा डॉक्टरांचा हुकूम होता. एका रमजाननंतर अब्बांना जरा हुशारी वाटू लागली. एका गोळीने एवढा गुण येतो तर दोन का घेऊ नयेत, असा सरळ हिशेब त्यांनी मनाशी मांडला, आणि आम्हां कोणाला न सांगता सुट्टीचे दिवसही बंद केले. आठवड्याभरात अन्नावरची वासना गेली, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी नाडीवर बोट ठेवले आणि पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की चाचा, वस्तू पिवळ्या दिसतात काय? अब्बा चकित झाले. दोन दिवसांपासून त्यांना घराच्या पांढऱ्या भिंती पिवळ्या दिसत होत्या, पण ही गोष्ट त्यांनी अम्मीलासुद्धा सांगितली नव्हती.

डॉक्टरांना हे कसे कळले? मी इतिहास शिकवणारा माणूस, विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका इंग्रज वैद्याचे चरित्र सापडले. पिवळ्या दिसणाऱ्या वस्तूंची ही खूण त्याने १७८५ साली छापून ठेवली होती. त्याची ओळख आपणांस करून द्यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

विल्यम विदरिंग यांचा जन्म १७ मार्च १७४१ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील वेलिंग्टन या गावी झाला. वडील औषधे तयार करून देणारे व शस्त्रक्रिया करणारे गावचे वैद्य, मामाही डॉक्टर. त्यामुळे मुलाने कोणता पेशा पत्करावा याविषयी घरात वाद होण्याचे कारण नव्हते. १७६२ साली विल्यम एडिंबरोच्या प्रसिद्ध वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले आणि १७६६ साली पदवी घेऊन बाहेर पडले. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्या काळी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्र शिकावेच लागे, आणि या विषयाचा विदरिंग यांना मनापासून कंटाळा होता. त्यासाठी ठेवलेले सुवर्णपदकही त्यांना मोहात पाडू शकले नाही, असे त्यांनी घरी कळवले होते.

हा कंटाळा घालवला तो एका रुग्ण तरुणीने! १७६७ साली त्यांनी स्टॅफर्ड या लहान शहरात व्यवसाय थाटला. तेथे हेलेना कुक्स नावाची एक मुलगी त्यांच्या उपचाराखाली होती. तिला फुलांची चित्रे काढण्याचा नाद होता. आजारपणात तिला बाहेर पडता येईना, म्हणून डॉक्टर रानावनातून फुले आणून देऊ लागले. १७७२ साली दोघांचा विवाह झाला, आणि तोपर्यंत फुलांचे वेड डॉक्टरांच्याही अंगात पुरते भिनले होते. १७७६ साली त्यांनी ब्रिटनमधील वनस्पतींचे वर्गीकरण करणारा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. लिनियसची पद्धत सामान्य इंग्रज वाचकाच्या भाषेत आणणारा हा ग्रंथ पुढे अनेक वर्षे पुन्हा पुन्हा छापला गेला.

स्टॅफर्डमध्ये कमाई बेताची होती. १७७५ साली बर्मिंगहॅम येथील डॉ. विल्यम स्मॉल वारले. ती जागा विदरिंग यांनी घ्यावी असे सुचवले ते डॉ. इरॅस्मस डार्विन यांनी. उत्क्रांतिवादाचे जनक चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा. बर्मिंगहॅम तेव्हा कारखान्यांचे शहर म्हणून वर येत होते. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॅट, कारखानदार बोल्टन, प्राणवायूचे संशोधक प्रीस्टली अशी मंडळी तेथे पौर्णिमेच्या सुमारास एकत्र जेवत आणि विज्ञानावर चर्चा करीत. पौर्णिमा अशासाठी, की रात्री घरी परतताना रस्त्यावर उजेड असावा. या चांद्रमंडळात विदरिंग यांनाही स्थान मिळाले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हृदय दुबळे झाले की रक्त पुढे ढकलले जात नाही, अंगात पाणी साठते, पाय सुजतात, पोट फुगते, आडवे पडले की दम कोंडतो. आपल्याकडे अंगावर पाणी चढले असे म्हणतात ते हेच. त्या काळी या सर्व सुजेला एकच नाव होते आणि खात्रीचे औषध एकही नव्हते. १७७५ साली विदरिंग यांच्याकडे एका घराण्यातील गुप्त नुस्खा अभिप्रायासाठी आला. श्रॉपशायरमधील एक म्हातारी तो वापरत असे, आणि डॉक्टरांनी हात टेकलेले काही रोगी तिच्या औषधाने बरे झाले होते. नुस्ख्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. औषध घेतले की जबर उलट्या व जुलाब होत. विदरिंग यांना वनस्पतींची ओळख होती, म्हणून या गर्दीतून खरी गुणकारी कोणती हे त्यांना चटकन उमगले. ती होती फॉक्सग्लव्ह, म्हणजे शास्त्रीय भाषेत डिजिटॅलिस. तिची जांभळी फुले शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दिसतात, आणि बोट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तिला हे नाव पडले आहे.

या म्हातारीचे नाव हटन होते असे काही पुस्तकांतून वाचावयास मिळते. त्यावर विश्वास ठेवू नका. ते नाव विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आले. विदरिंग यांनी तिचे नाव कोठेही लिहिलेले नाही. मला मात्र राहून राहून वाटते, की त्यांनी ते विचारून घ्यावयास हवे होते.

विदरिंग रोज एक तास गोरगरिबांना फुकट तपासत. वर्षाकाठी दोन ते तीन हजार गरीब रुग्ण त्यांच्यापुढून जात. या रुग्णांवर त्यांनी फॉक्सग्लव्हचा प्रयोग आरंभला. आज आपल्याला हे खटकेल, कारण गरिबांची परवानगी कोणी घेतली होती, हा प्रश्न मनात येतोच. परंतु विदरिंग यांच्या नोंदींत गरीब आणि श्रीमंत एकाच ओळीत बसलेले दिसतात, हेही सांगितले पाहिजे. नोंदीतला पहिलाच रुग्ण डिसेंबर १७७५ चा, पन्नाशीचा एक माणूस. पूर्वी बांधकामाचा धंदा करणारा, आता हलाखीत आलेला. दम लागलेला, चेहरा ओढलेला, पोटात पाणी. ताज्या पानांच्या काढ्याने त्याला कित्येक दिवस मळमळले, पण लघवी भरपूर झाली, श्वास मोकळा झाला, आणि दहा दिवसांत तो पोटभर जेवू लागला.

प्रारंभी विदरिंग यांच्याकडून मात्रेच्या चुका झाल्या. १७७६ च्या जुलैमध्ये डॉ. डार्विन यांच्या एका स्त्री रुग्णासाठी त्यांना सल्ल्याला बोलावले होते. त्यांनी दिलेल्या काढ्याने तिला भयंकर ओकाऱ्या झाल्या आणि एका दिवसात तिच्या अंगातून आठ क्वार्टांहून अधिक, म्हणजे एक घागरभर, पाणी गेले. बाई वाचली. पण दिलेली मात्रा फार मोठी होती, हे विदरिंग यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. हळूहळू त्यांना कळत गेले, की मुळापेक्षा पाने बरी, आणि पानांचा जोर ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून ती फुले येण्याच्या वेळीच खुडावीत. काढा उकळण्यापेक्षा वाळलेल्या पानांवर उकळते पाणी ओतून चार तास ठेवावे, किंवा पानांची पूड एक ते तीन ग्रेन दिवसातून दोन वेळा द्यावी. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, चिमटीतही न येणारा! मूत्रपिंड, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसला की औषध तत्काळ थांबवावे, हा त्यांचा नियम. मात्रा पुस्तक पाहून ठरवायची नाही, रोग्याकडे पाहून ठरवायची.

दहा वर्षांनी, १७८५ साली, फॉक्सग्लव्ह व तिचे औषधी उपयोग या विषयावरचा त्यांचा ग्रंथ बर्मिंगहॅममध्ये छापला गेला. औषधाची कीर्ती पसरली होती आणि अर्धवट माहितीचे लोक ते वाटेल तसे देऊ लागले होते. औषध माणसे मारील, किंवा बदनाम होऊन फेकले जाईल, ही त्यांना धास्ती होती. या ग्रंथात त्यांनी आपले १६३ रुग्ण एकामागून एक दिले आहेत. बरे झालेले दिले, न झालेले दिले, मेलेलेही दिले. निवडक यशस्वी रुग्ण छापले असते तर औषधाचा आणि आपला दोघांचा गौरव झाला असता, पण सत्याने आणि शास्त्राने त्याला दोष दिला असता, अशी त्यांची भूमिका होती.

वाचकहो, येथे मी क्षणभर थांबतो. पूर्वी मी ज्या एका शाळेत नोकरीला होतो, तिचा दहावीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे. तो कसा लागे हे आम्हां शिक्षकांना ठाऊक होते. कच्च्या मुलांना नववीतच अडवायचे, किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचे. एक वर्ष ती यादी माझ्याकडून तयार करवली गेली आणि मी ती केली. यादीत सात मुले होती. गावातल्या फलकावर निकालाचा आकडा झळकला आणि त्या सातांची नोंद कोठेच राहिली नाही. विदरिंग यांच्या १६३ रुग्णांत मेलेल्यांचीही पाने वाचताना मला ती सात नावे आठवली. म्हणून हा उल्लेख, विषयांतराबद्दल क्षमस्व.

सगळे रुग्ण लिहिले म्हणूनच विदरिंग यांना एक मोठी गोष्ट दिसली. औषध कोणाला लागू पडेल हे आधीच ओळखता येते! धट्टाकट्टा देह, लालबुंद चेहरा, ऊन कातडी आणि दोरीसारखी ताठ नाडी असलेल्या रुग्णाला ते क्वचितच लागू पडे. नाडी दुबळी किंवा मध्येच चुकणारी, चेहरा फिकट, ओठ निळसर, त्वचा गार, अशाला मात्र गुण येई. हृदयाच्या गतीवर एवढी सत्ता चालवणारे दुसरे औषध आढळलेले नाही, असे त्यांनी नोंदवले. तरीही ही सूज मुळात हृदयाच्या दुबळेपणातून येते, हा उलगडा त्यांना पुरता झाला नव्हता. अतिमात्रेची लक्षणेही त्यांनी दिली आहेत : ओकाऱ्या, भोवळ, वस्तू हिरव्या वा पिवळ्या दिसणे, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणे, गार घाम, मूर्च्छा आणि मृत्यू. माझ्या अब्बांची कहाणी या एका वाक्यात आहे. शेवटचे दोन शब्द तेवढे अल्लाहच्या कृपेने टळले.

पुढची वर्षे फारशी सुखाची नव्हती. इरॅस्मस डार्विन यांनी त्याच सुमारास लंडनच्या वैद्यमंडळापुढे फॉक्सग्लव्हवरील निबंध ठेवला. त्यात विदरिंग यांचा उल्लेख नव्हता, आणि ज्या बाईची हकीकत वर दिली तीही डार्विन यांनी आपल्याच खात्यावर मांडली. जुनी मैत्री तुटली. १७८५ सालीच विदरिंग रॉयल सोसायटीचे सभासद झाले. शिशाच्या खाणीतील एका जड खनिजाचे त्यांनी पृथक्करण केले होते, त्याला आजही विदराइट म्हणतात. १७९१ च्या जुलैत बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. प्रीस्टली यांचे घर व प्रयोगशाळा जाळली गेली आणि जमाव विदरिंग राहत असलेल्या एजबॅस्टन हॉलवरही चालून आला. सैन्य येईपर्यंत त्यांच्या माणसांनी तो कसाबसा थोपवून धरला.

छाती मात्र दिवसेंदिवस ढासळत होती. इंग्लंडची थंडी सोसेना म्हणून १७९२ आणि १७९३ चे हिवाळे त्यांनी लिस्बनला काढले. स्वस्थ बसणे स्वभावात नव्हते, म्हणून तेथील उष्ण झऱ्यांच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण केले. विदरिंग या शब्दाचा इंग्रजीत अर्थ कोमेजणारा असा होतो. वैद्यकाचे हे फूल आता कोमेजते आहे, अशी कोटी मित्र हळहळत करीत. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले.

त्यांनी दिलेला इशारा पुढच्या पिढीने ऐकला नाही. एकोणिसाव्या शतकात डिजिटॅलिस नाना रोगांवर, भलत्या मात्रेत दिले गेले आणि पुष्कळ बदनाम झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जेम्स मॅकेंझी व टॉमस लुईस यांनी नाडीच्या अनियमिततेचा अभ्यास केला, तेव्हा कळले की हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर झालेल्या रुग्णांत त्याचा विशेष उपयोग होतो. विदरिंग यांची मध्येच चुकणारी नाडी बहुधा हीच असावी. १९३० साली या कुळातील दुसऱ्या एका झाडापासून डिजॉक्सिन वेगळे काढण्यात आले. १९९७ साली अमेरिका व कॅनडातील ६८०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदय दुबळे झालेल्या निम्म्या रुग्णांना डिजॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. औषधाने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, मात्र हृदय थकल्यामुळे रुग्णालयात दाखल होण्याची पाळी कमी वेळा आली. हा निष्कर्षही जसा निघाला तसाच छापला गेला. नवी औषधे आल्यावर डिजॉक्सिनचा वापर आज पुष्कळ उतरला आहे. ते निवडक रुग्णांना, लहान मात्रेत आणि मूत्रपिंडांचे काम पाहून दिले जाते.

विदरिंग यांची कबर एजबॅस्टनच्या जुन्या चर्चमध्ये आहे. तेथील स्मारकशिलेवर फॉक्सग्लव्हची फुले कोरलेली आहेत.