काठी आपटत धावणारा खलाशी आणि डॉक्टर जेम्स पार्किन्सन

लंडनच्या रस्त्यावरून एक पासष्टीचा धिप्पाड माणूस चाललाय. चाललाय म्हणजे धावतोय, कारण सावकाश चालणं त्याला जमतच नाही. अंग वाकलेलं, डोकं पुढं झुकलेलं. दर पाच-सहा पावलांनी तो काठीचं टोक जोरात फरशीवर रोवतो आणि स्वतःला सरळ करतो. नाहीतर तोंडावर आपटणार हे ठरलेलं.

हा एकेकाळचा खलाशी. त्याची विचारपूस करणारे डॉक्टर होते जेम्स पार्किन्सन.

११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात त्यांचा जन्म झाला. वडिलांचा दवाखाना तिथंच होता, पुढं तो जेम्स यांनी चालवला. पण गडी नुसता डॉक्टर नव्हता. सरकारवर टीका करणारी पत्रकं ते टोपणनावानं लिहायचे. १७९४ मध्ये राजाच्या खुनाच्या कथित कटाबद्दल त्यांची चौकशीही झाली. शिवाय जीवाश्मांचा नाद. त्यावर त्यांनी तीन खंड लिहिले.

१८१७ मध्ये मात्र त्यांनी एक छोटंसं पुस्तक काढलं, थरथरत्या लकव्यावर. त्यात रुग्ण फक्त सहा, आणि त्यातले तिघे रस्त्यावरच दिसलेले. एकाला तर त्यांनी लांबूनच पाहिलं. त्याचा सोबती समोर उभा राहून दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचा. रुग्ण हळूहळू पुढं-मागं झुलून तोल साधायचा. इशारा झाला की सुटायचा धावत, आणि सोबती पुढं पळत जाऊन वीसेक पावलांवर त्याला झेलायला तयार!

आज फिजिओथेरपिस्ट काय शिकवतात? पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ओढाताण करू नका. थांबा, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, आकडे मोजा, मग मोठं पाऊल टाका. सोबत्याच्या त्या युक्तीशी हे किती जुळतं बघा.

उपचारात मात्र पार्किन्सन चुकले. मानेजवळून रक्त काढावं, असं त्यांनी सुचवलं होतं. १८२४ मध्ये ते गेले. आजाराला त्यांचं नाव मिळालं ते बऱ्याच वर्षांनी, पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांमुळं.

खलाशाच्या हाती काठीच होती. आता ब्रेक असलेले चाकांचे वॉकर मिळतात, पायापुढं प्रकाशाची रेघ पाडणाऱ्या काठ्याही मिळतात. ती रेघ ओलांडायची म्हटलं की अडकलेलं पाऊल पुष्कळदा सुटतं. पण एकाला चालणारं साधन दुसऱ्याला पाडूही शकतं. दर पावलाला उचलून ठेवायच्या वॉकरनं काहींची चाल आणखी अडखळते. त्यामुळं दुकानातून परस्पर आणण्याआधी फिजिओथेरपिस्टसमोर चालून बघितलेलं बरं.