पंडिता रमाबाई : लेकीच्या अधिकाराचा शोध

(प्रतिनिधी)

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे छोटे स्थानक लागते. या गावाला महाराष्ट्राच्या इतिहासात स्थान मिळाले ते पंडिता रमाबाई आणि त्यांनी उभारलेले मुक्ती मिशन यांच्यामुळे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी येथेच अखेरचा श्वास घेतला. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, विधवांच्या कैवारी आणि संस्कृतच्या प्रकांड पंडिता या नात्याने त्यांचे स्मरण वेळोवेळी केले जाते. त्यांच्या धर्मांतरावर एकोणिसाव्या शतकात उठलेले वादळही अनेकांना ठाऊक आहे. मात्र स्वतः रमाबाईंच्या दृष्टीने आयुष्यातील निर्णायक क्षण धर्मांतराचा नव्हता. तो त्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आला. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ती समाजात येतो, पण देवाचे मूल होतो तो विश्वासाने, हे त्यांना उमगले तो हा क्षण. तो समजून घेतल्याशिवाय केडगावचे कार्य समजत नाही.

अधिकार नाकारलेली विदुषी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण होते. पुण्यात अध्ययन करीत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात, हे त्यांनी पाहिले होते. तेव्हापासून आपल्या पत्नीलाही शिकवायचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. उडुपी येथील धर्मसभेपुढे त्यांना आपली बाजू मांडावी लागली. पुढे आईकडूनच रमाबाईंना पुराणे आणि काव्ये मुखोद्गत झाली. भागवताचे हजारो श्लोक त्यांना बालपणीच पाठ होते.

अनंतशास्त्रींनी पत्नीला आणि मुलीला विद्या दिली, परंतु वेदांच्या अध्ययनापासून त्यांना दूरच ठेवले. स्त्रीला वेदांचा अधिकार नाही, ही रूढी त्यांनीही मानली. 'अधिकार' हा शब्द रमाबाईंच्या आयुष्यात असा लहानपणीच आला.

तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब भारतभर फिरले. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांची वाताहत झाली. अनेक दिवस अन्नावाचून काढावे लागले. वडील, आई आणि थोरली बहीण यांना थोड्या थोड्या अंतराने मृत्यूने गाठले. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी उचलली. उंची कमी असल्याने ती त्यांना डोक्यावर घ्यावी लागली, असे सांगतात. आयुष्यभर केलेली व्रते, दाने आणि उपवास यांतील काहीच कामी आले नाही, ही जाणीव त्या वयात त्यांच्या मनात खोल रुजली.

कलकत्ता ते सिल्चर

भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी प्रवास करीत रमाबाई १८७८मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी त्यांना गौरविले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत ठेवली. जे वाचण्याची मनाई होती, ते त्यांनी वाचले. धर्मशास्त्रांचेही अध्ययन केले. इतर अनेक बाबतींत परस्परविरोधी मते मांडणारे हे ग्रंथ एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळले. स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा स्वतंत्र मार्ग नाही आणि स्त्रीला पतिसेवेवाचून गती नाही, हीच ती गोष्ट. वेद हाती आला, पण अधिकाराचा प्रश्न सुटला नाही.

१८८०मध्ये श्रीनिवास यांचेही निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी आणि प्रांतही वेगळा, त्यामुळे हा विवाह गाजला. आसामातील सिल्चरच्या घरी एके दिवशी त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा ऐकली. पत्नीचा या धर्माकडील ओढा बिपिनबाबूंना रुचला नाही. पुढे फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीने त्यांचाच बळी घेतला. वयाच्या चोविसाव्या वर्षाआधीच रमाबाई विधवा झाल्या. पदरात अवघ्या काही महिन्यांची मनोरमा होती. माहेर नव्हते आणि सासरचा आधारही नव्हता.

वाँटेजचा बाप्तिस्मा

१८८२मध्येच त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे, असे आग्रहाने सांगितले. याच काळात त्यांची भेट फादर नेहेम्या गोरे यांच्याशी झाली. ख्रिस्ती झालेले हे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोरे शास्त्रांचे जाणकार होते. रमाबाईंच्या शंकांना उत्तर देऊ शकेल, असा हा माणूस होता.

१८८३मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांची व्यवस्था झाली. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे नेले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना येथे मायेने सांभाळले जात होते. आपल्या देशात अशा स्त्रीला सगळे दूर लोटतात, मग येथे तिला जवळ कोण करते, आणि का, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीचा, योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंग वाचून दाखविला. गोरे यांच्या पत्रांनी उरलेल्या शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी येताच पुण्यात खळबळ उडाली. कालपर्यंत कौतुक करणारे टीका करू लागले. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची पाठराखण केली.

ख्रिस्ती धर्मगुरूंचे समाधानही रमाबाईंनी फार काळ टिकू दिले नाही. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि चर्चच्या सत्तेवर प्रश्न उपस्थित केले. ब्राह्मण शास्त्र्यांचे जोखड उतरविले ते बिशपांचे चढविण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. धर्ममाता भगिनी जेराल्डिन यांना त्या प्रेमाने 'आजीबाई' म्हणत, परंतु मतभेदाच्या वेळी याच आजीबाईंशी त्यांनी पत्रांतून कडाडून वाद घातला. त्यांनी मांसाहारही स्वीकारला नाही.

आठ वर्षांनंतर

१८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या मदतीने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलविण्यात आले.

बाहेरून पाहणाऱ्याला आता रमाबाईंना काही कमी आहे, असे वाटले नसते. पण मन अस्वस्थ होते. धर्म पटला होता, त्याची नीती आणि सेवाभाव आवडला होता, पण आतली शांती लाभली नव्हती. या अवस्थेत विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे अनेक वर्षे पाद्री होते. चर्च बांधणे, उपासना चालविणे, प्रवचने देणे हे सारे ते करीत होते. तरीही आपण खरे ख्रिस्ती नाही, हे त्यांच्या ध्यानी आले आणि १८५१मध्ये स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्यांचे परिवर्तन झाले. हे वाचून रमाबाई थबकल्या. पाद्र्याची ही गत, तर आपली काय?

१८९१च्या सुमारास त्यांना उत्तर सापडले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्याचा आशय त्यांनी पुढे १९०७मधील आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला. आतापर्यंत त्या सत्कृत्ये, अभ्यास आणि विधी यांच्या बळावर देवाच्या जवळ जाऊ पाहत होत्या. बालपणी तीर्थयात्रा होत्या, आता त्यांची जागा उपासनेने घेतली होती. दोन्हींच्या मुळाशी कमाईचीच कल्पना होती.

ख्रिस्ती शिकवण याबाबत वेगळे सांगते. सर्व माणसे देवाने निर्माण केलेली आहेत, परंतु त्याचे लेकरू होण्याचे नाते येशूवर विश्वास ठेवून त्याचा स्वीकार केल्याने जडते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हे सांगितले आहे. जे ख्रिस्ताचा स्वीकार करतात, त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळतो. हा जन्म रक्ताने किंवा कुळाने होत नाही, मनुष्याच्या इच्छेनेही होत नाही. तो देवाकडून होतो. पौलाने आपल्या पत्रांत यासाठी दत्तकाचा दाखला दिला आहे. दत्तक मूल ते घर कमावत नाही. त्याला घरात घेतले जाते आणि मग ते वारसही ठरते.

रमाबाईंना हा विचार का भिडला असेल, हे त्यांचे पूर्वायुष्य पाहिले की लक्षात येते. जन्माने स्त्री म्हणून वेदाचा अधिकार नाही, नवरा गेला म्हणून मंगलकार्यात स्थान नाही, आंतरजातीय विवाह केला म्हणून जातीत थारा नाही. अशा स्त्रीला येथे जात, लिंग, विद्वत्ता, पुण्य यांपैकी काहीही न विचारता अधिकार दिला जात होता. लहानपणापासून पाठलाग करणारा तो शब्द अखेर त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांनी स्वतःला ख्रिस्ताच्या स्वाधीन केले आणि मनावरचे ओझे उतरले.

वादळ आणि माघार

या अनुभवाची किंमतही मोजावी लागली. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. रमाबाई मुलींवर सक्ती करीत नसत, पण आपल्या खोलीतील प्रार्थनेचे दार त्या उघडे ठेवीत. ज्या मुली आपणहून येऊन बसत, त्यांना त्या उठवीत नसत. हे आश्वासनाला धरून आहे काय, यावरून १८९३मध्ये वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती, असे म्हणता येत नाही. काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे खरोखरच वळत होता. मात्र याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३मध्येच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती हिंदूच राहिली, हेही विसरता कामा नये.

१८९५मध्ये लोणावळ्याच्या एका शिबिरात रमाबाई आपल्या काही मुलींसह गेल्या होत्या. विश्वासात आलेल्या पंधरा मुलींसाठी त्यांनी देवाचे आभार मानले आणि या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे दोनशे पंचवीस लेकी मिळाव्यात, अशी प्रार्थना केली. तेव्हा सदनात इतक्या मुलींना जागाही नव्हती.

केडगावचे माहेर

थोड्याच काळात १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात उपाशी, अनाथ मुली रस्त्यावर आल्या आणि त्यांना पळविणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. स्वतःच्या कुटुंबाचा दुष्काळ आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून केडगाव येथे घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर मुलींना नेण्यात आले. १८९८पासून तेथे मुक्ती सदन रीतसर उभे राहिले. १९००मधील गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील निवासींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना असे उद्योग सुरू झाले. मनोरमेने अंध मुलींना ब्रेल शिकविले. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅममध्ये पाहिलेले दृश्य केडगावात साकार झाले.

येथे आलेल्या मुलीला तिची जात विचारून वेगळे बसविले जात नसे. कोणाचीच नसलेली मुलगी देवाची आहे, या श्रद्धेवर ते घर चालले होते. आश्रित मुलींचा विश्वास कितपत स्वतंत्र असू शकतो, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच गैरलागू नाही. पण विधी झाला म्हणजे विश्वास आला, असे रमाबाई स्वानुभवावरून मानीत नव्हत्या. १९०५मध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेचे जे मोठे जागरण झाले, त्याचे मूळही नाममात्र ख्रिस्ती असण्यावर समाधान न मानण्यात होते.

आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने भाषांतर केले ते मात्र साध्या मराठीत. खेड्यातल्या बाईलाही ते कळले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. अधिकार सर्वांना आहे, तर तो सांगणारा ग्रंथही सर्वांना समजायला हवा, हे त्यामागचे सरळ सूत्र होते. हा मजकूर मुक्तीच्याच छापखान्यात छापला गेला.

१९२१मध्ये मनोरमा मिरज येथे निवर्तली. वारस म्हणून घडविलेली एकुलती एक मुलगी गेली. नऊ महिन्यांच्या आत रमाबाईही गेल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रकाशित झाले.

रक्ताच्या नात्याचे कोणी मागे उरले नाही. तरीही केडगावच्या त्या घरात त्यांना आई म्हणून निरोप देणाऱ्या लेकी शेकड्यांनी होत्या.