बसता न येणाऱ्या बाबांचा प्रवास

वरोऱ्याजवळच्या एका जमीनदार घराण्यातल्या थोरल्या मुलाकडे तरुणपणी सिंगर या विलायती कंपनीची स्पोर्ट्स कार होती. तिच्या बैठकींवर त्याने बिबट्याचे कातडे चढवून घेतले होते. त्याला शिकारीचा नाद होता आणि इंग्रजी चित्रपटांचे वेड होते. ग्रेटा गार्बोसारख्या अभिनेत्रीशी त्याचा पत्रव्यवहार असे. या तरुणाचे नाव मुरलीधर देविदास आमटे. पुढे सारा देश त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखू लागला.

याच बाबांना उतारवयात कुठल्याही गाडीच्या सीटवर बसता येईनासे झाले. मान आणि कंबर या दोन्ही ठिकाणचे मणके झिजले होते. त्यांना उभे राहता येई, चालता येई, आडवे पडता येई. बसणे मात्र जवळजवळ संपले होते. तरीही त्यांच्या आयुष्यातले सर्वांत लांबचे प्रवास त्यांनी याच अवस्थेत केले. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात रोज गाडी चालवणाऱ्या आणि पाठदुखीने हैराण झालेल्या वाचकांसाठी आज त्यांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहू.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटचा. नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. पैसा चांगला मिळत होता, पण मन रमत नव्हते. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी स्वतः मैला वाहण्याचे काम केले. त्याच काळात रस्त्याकडेला पावसात पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. बाबा आधी घाबरून दूर झाले. मग आपल्याच भीतीची लाज वाटून परत गेले आणि त्याची सेवा केली. आयुष्याची दिशा तिथे बदलली. १९४६ मध्ये त्यांचा विवाह साधनाताईंशी झाला. १९४९ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. त्याच वर्षी महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. सोबत मोजके रुग्ण होते आणि हाताशी जेमतेम साधने. जमीन साफ करणे, विहीर खणणे, दगड उचलणे या सगळ्यात बाबा स्वतः राबत होते.

मग त्यांचे मणके कशाने झिजले? गाडीने, ओझ्याने की वयाने? एका माणसाच्या बाबतीत असे एकच कारण दाखवता येत नाही. मणक्यांमधल्या चकत्या, म्हणजे ज्यांना आपण ‘गादी’ म्हणतो, त्या वयाबरोबर सगळ्यांच्याच सुकतात. कुणाच्या किती लवकर सुकतील, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. फिनलंडमध्ये एकसारख्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्या तपासून केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतल्या एका भावाने आयुष्यात दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वाहन चालवले होते. एमआरआयमध्ये दोघांच्या चकत्यांच्या झिजेत म्हणावा असा फरक आढळला नाही. तेव्हा ‘गाडी चालवून मणक्यात गॅप पडली’ हे आपल्याकडचे ठाम मत तितके खरे नाही.

याचा अर्थ गाडीत पाठ दुखत नाही असा नव्हे. झीज होणे वेगळे आणि झिजलेल्या मणक्याला त्रास होणे वेगळे. कमी उंचीच्या स्पोर्ट्स कारमध्ये दुसरी गोष्ट हमखास घडते आणि तिची कारणे सरळ आहेत.

अशा गाडीची सीट जमिनीलगत असते आणि पाय पुढे पसरावे लागतात. गुडघे खुब्यांच्या वर जातात, मांडीमागचे स्नायू ताणले जातात आणि त्यांच्या ओढीने कटीर मागच्या बाजूला कलते. त्यामुळे कमरेची नैसर्गिक पुढची कमान सपाट होते किंवा उलटी वळते. स्वीडनचे डॉ. अल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभे असताना तो १०० धरला तर आधाराशिवाय बसल्यावर तो सुमारे १४० होतो आणि उताणे झोपल्यावर २५ पर्यंत उतरतो, असे त्यांना दिसले. १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत बसणे आणि उभे राहणे यांतला फरक इतका मोठा आढळला नाही. मात्र आडवे पडल्यावर दाब सर्वांत कमी असतो आणि पुढे वाकल्यावर तो बराच वाढतो, यावर दोन्ही मोजण्यांचे एकमत आहे.

मानेचे गणित याच्याशी जोडलेले आहे. पाठ जितकी मागे रेलते, तितकी रस्ता दिसावा म्हणून मान पुढे काढावी लागते. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते. ते खांद्यांच्या पुढे गेले की मानेमागचे स्नायू सतत आवळलेले राहतात.

तिसरी गोष्ट धक्क्यांची. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देते. झोका योग्य वेळी ढकलला की उंच जातो, तसे. खराब रस्त्यावरच्या गाडीतली कंपने नेमकी या टप्प्यातही येतात. स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन मुद्दाम कडक ठेवलेले असते आणि टायरची रबराची भिंतही बुटकी असते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर पावसाळ्यात खड्डा, पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक एकामागून एक येऊ लागले की हा फरक कंबरेला लगेच कळतो. बाबांच्या तरुणपणीच्या गाड्यांना तर मागे-पुढे पाटेच असत आणि रस्ते मुरमाचे. पण विशीतली पाठ असल्या गोष्टी दाद न देता पचवते.

आता बाबांच्या उतारवयाकडे वळू. दुखणे वाढल्यावर त्यांच्यापुढे दोन सरळ मार्ग होते. एक म्हणजे वेदना सोसत इतरांसारखे बसत राहणे आणि दुसरा म्हणजे काम सोडून अंथरूण धरणे. बाबांनी यातला एकही घेतला नाही. पाठीला काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यांनी मान्य केले आणि दिवसाची मांडणी त्याप्रमाणे बदलली. भेटी, चर्चा, पत्रांचे मजकूर सांगणे हे सगळे ते पडल्या पडल्या करू लागले. बोलायचे असेल तर उभे राहत. चालणे मात्र त्यांनी सोडले नाही.

१९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. तो काळ देशात फुटीच्या आणि हिंसेच्या बातम्यांचा होता. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते आणि अंतर पाच हजार किलोमीटरांहून अधिक. बाबांनी सत्तरी गाठलेली होती आणि बसता येत नव्हते. म्हणून सोबतच्या वाहनात त्यांच्यासाठी बिछान्याची सोय केली होती. सायकली पुढे जात आणि बाबा आडवे पडून त्यांच्याबरोबर देश पार करत. १९८८ मध्ये अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओखापर्यंत, पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये तर त्यांनी आनंदवन सोडले आणि नर्मदाकाठी कसरावद येथे मुक्काम हलवला. धरणग्रस्तांच्या बाजूने ते तिथे अनेक वर्षे राहिले.

नाकेमसन यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तर बाबांची योजना शास्त्राला धरून होती. प्रवासात धक्के बसणारच होते. तेव्हा चकतीवरचा दाब सर्वांत कमी असतो ती स्थिती त्यांनी प्रवासासाठी निवडली. मुक्कामावर पोचल्यावर उभे राहणे आणि चालणे यांमुळे स्नायू जागे राहत. पाठ ‘जपायची’ म्हणून ते कायमचे निजून राहिले असते तर स्नायू दुबळे होऊन दुखणे वाढले असते. पाठदुखीत दीर्घकाळ सक्तीची विश्रांती घेऊ नये, हे वैद्यकशास्त्रानेही पुढे स्वीकारले.

आपण अर्थातच गाडी झोपून चालवू शकत नाही. पण वाहन पाठीप्रमाणे बदलायचे, हे तत्त्व आपल्यालाही लागू पडते. बैठी गाडी असेल आणि मान-कंबर कुरकुरत असेल तर आधी सीटकडे पाहा. सीट वरखाली होत असेल तर ती शक्य तितकी उचला. होत नसेल तर मागे जाड आणि पुढे पातळ अशी पाचरीच्या आकाराची उशी घ्या, म्हणजे खुबे गुडघ्यांच्या पातळीला येतील. उशी घेतल्यावर डोके छताला लागत नाही ना, हे पाहा. पाठीचा टेका ताठ काटकोनापेक्षा थोडाच मागे, १०० ते ११० अंशांवर ठेवा. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याजवळ हवा. स्टिअरिंग इतके जवळ असावे की खांदे टेक्याला टेकलेले असताना कोपर किंचित वाकलेले राहील. सकाळी नीट बसून आरसा लावा. तासाभराने आरशात मागचे दिसेनासे झाले, तर आरसा हलवू नका; तुम्ही घसरला आहात, पाठ सरळ करा.

बैठ्या गाडीत सर्वांत जास्त लचक भरते ती चढता-उतरताना, कारण तेव्हा कंबर वाकते आणि त्याच वेळी पिळलीही जाते. आत जाताना आधी सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. उतरताना सीट मागे सरकवा, दोन्ही पाय बाहेर जमिनीवर टेकवा आणि मगच दाराच्या चौकटीला धरून उठा. झोपेत चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासात वाकणे त्यांना जास्त जड जाते. अंथरुणातून थेट गाडीत शिरू नका, थोडे चाला. लांबच्या प्रवासात दर तासाला पाच मिनिटे उतरून फिरा आणि पोचल्याबरोबर डिकीतले जड सामान उचलू नका. मानेला पट्टा असताना गाडी चालवू नका, कारण बाजूचे वाहन पाहायला मान वळत नाही. एवढे करूनही दुखत असेल तर थोड्या उंच सीटची गाडी घेण्यात किंवा कल्याणपर्यंत लोकल धरण्यात कमीपणा नाही.

काही लक्षणे मात्र सीट बदलून जात नाहीत. हाता-पायात वाढत जाणारा बधिरपणा, शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळणे, चालताना तोल जाणे, पाऊल उचलताना लोळणे, मांड्यांच्या मधल्या भागात संवेदना नसणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे ही चिन्हे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप किंवा कारण नसताना घटलेले वजन यांच्या जोडीने येणारी पाठदुखीही अंगावर काढू नये.

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता तिथल्याच मातीत त्यांचे दफन करण्यात आले. मणक्यांचे दुखणे शेवटपर्यंत बरे झाले नव्हते. अनेक पाठीची दुखणी अशी पूर्ण बरी होत नाहीत, हे रुग्णाने आणि घरच्यांनी समजून घेणे गरजेचे आहे. अशा वेळी घरात खुर्चीऐवजी पलंग दिवाणखान्यात आणावा लागला, कामाच्या ठिकाणी उभ्याने वापरायचे टेबल मागावे लागले किंवा आवडती गाडी विकावी लागली, तर ती हार समजू नये. कन्याकुमारी ते काश्मीर हा प्रवास बिछान्यावरूनही झाला होता.