सिंगर नावाचा माणूस

रत्नागिरी आणि आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांचे पोटमाळे उतरवायला घेतले, की काही वस्तू हमखास निघतात. तांब्याचा बंब, मुंबईहून आलेली पत्र्याची ट्रंक, आणि कमानदार लाकडी झाकणाखाली झोपलेले काळे शिवणाचे मशीन. फडक्याने धूळ पुसली की सोनेरी नक्षी दिसू लागते आणि त्या नक्षीत एक नाव: सिंगर. आजीने या मशीनवर कोणाकोणाची परकर-पोलकी शिवली याच्या आठवणी घरोघर असतात. पण सिंगर हे कंपनीचे नाव होण्याआधी एका हाडामांसाच्या माणसाचे नाव होते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

गांधीजींच्या मात्र ते ध्यानात होते. १९२४ साली यंत्रांना विरोध करण्याबद्दल त्यांना छेडण्यात आले, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. बायकोला एकेक टाका घालताना शिणलेली पाहून सिंगरने तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र घडवले, अशी कथा त्यांच्या मनात होती. कथा गोड आहे. मात्र आयझॅक मेरिट सिंगर या गृहस्थाचे चरित्र चाळू लागलो, की ती त्याला कुठेच बसत नाही.

सिंगरचा जन्म २७ ऑक्टोबर १८११ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. वडील जर्मनीतून आलेले. आईवडिलांचा काडीमोड झाला आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास पोराने घर सोडले. थोरल्या भावाकडे राहून तो पडेल ते काम करू लागला, पुढे यंत्रशाळेत उमेदवारी केली. हात चांगला चाले, पण मन नाटकात. उंचापुरा, खड्या आवाजाचा हा तरुण संधी मिळताच फिरत्या नाटक मंडळीत शिरे आणि पैसे संपले की पुन्हा कानस हातात घेई. १८३९ मध्ये त्याने खडक फोडण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले, ते दोन हजार डॉलरला विकले आणि त्या पैशांत स्वतःची नाटक कंपनी काढली. गावोगाव शेक्सपिअरचे प्रयोग केले. पाचएक वर्षांत पैसेही संपले आणि कंपनीही. आपल्याकडच्या नाटक मंडळ्यांच्या मालकांची चरित्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना यात नवल वाटायचे नाही.

१८५० मध्ये तो बोस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात आला, तो लाकडी अक्षरे कोरण्याचे आपले यंत्र खपवायला. ते खपेना. तिथे दुसऱ्याच कोणाची शिवणयंत्रे दुरुस्तीला येऊन पडत असत. त्यांतले शटल गोल फिरे, दोऱ्याचा पीळ उकले आणि दोरा तुटे. शटल सरळ रेषेत पुढेमागे जावे आणि सुई सरळ असून वरून खाली उतरावी, असे सिंगरने सुचवले. चाळीस डॉलर उसने घेऊन अकरा दिवसांत त्याने पहिले यंत्र उभे केले, असे सांगतात. अकराव्या रात्री टाके सैल पडू लागले. सगळे निराश होऊन निघाले आणि वाटेत लाकडांच्या ढिगावर बसल्या बसल्या त्याला आठवले, की वरच्या दोऱ्याला ताण द्यायचा राहिला आहे. ही हकीकत त्याने स्वतःच पुढे सांगितलेली, आणि गडी मुळात नट. तेव्हा थोडे तिखटमीठ धरून चालावे. पण ज्याने मशीन चालवले आहे त्याला ती पटते. टाका बिघडला की आपण अजूनही आधी त्या चकत्यांचा स्क्रूच फिरवून पाहतो. १२ ऑगस्ट १८५१ रोजी पेटंट मिळाले.

मग शिवणयंत्राचा शोध सिंगरने लावला का? नाही. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा घेऊन जाणारे शटल ही जोडी वॉल्टर हंट नावाच्या कारागिराने १८३४ च्या सुमारासच जमवली होती, पण त्याने पेटंट घेतले नाही. यंत्र आले तर शिवणकामावर पोट भरणाऱ्या बायकांचे काय होईल, ही शंका त्याच्या मुलीने काढली होती, असे म्हणतात. पेटंट घेतले एलियस हाऊने, १८४६ मध्ये. हाऊ गरीब, प्रकृतीने अधू; त्याची बायको लोकांचे कपडे शिवून संसाराला हातभार लावत असे आणि तो ते पाहत असे. गांधीजींच्या मनातली कथा खरे तर या घरातली. पण तिचा शेवट गोड नाही. यंत्र खपवायला हाऊ लंडनला गेला, कफल्लक होऊन परतला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बायको वारली. इकडे सिंगर जोरात मशीन विकत होता. हाऊने दावा लावला आणि १८५४ मध्ये सिंगरला पंधरा हजार डॉलर मोजून तडजोड करावी लागली. पुढे प्रमुख कारखानदारांनी आपापली पेटंटे एकत्र केली आणि हाऊलाही दर यंत्रामागे पैसे मिळू लागले. तो श्रीमंत होऊन १८६७ मध्ये वारला. नाव मात्र सिंगरचे राहिले.

त्याचे श्रेय बरेचसे त्याचा भागीदार, वकील एडवर्ड क्लार्क याच्याकडे जाते. शंभर डॉलरच्या घरातली वस्तू सामान्य कुटुंब एकरकमी कशी घेणार? रत्नागिरीत लोकमान्यांचा जन्म झाला त्याच १८५६ साली क्लार्कने तिकडे हप्त्याची पद्धत सुरू केली. थोडे पैसे आधी द्यायचे, मशीन घरी न्यायचे, शिवून कमवायचे आणि त्यातून महिन्याचा हप्ता भरायचा. जुने मशीन परत करणाऱ्याला नव्यावर सवलतही मिळे. परत आलेली यंत्रे कंपनी मोडून टाकी, म्हणजे जुन्या मालाचा बाजारच उरू नये. सुरुवातीची यंत्रे आज संग्राहकांना इतकी दुर्मीळ का, त्याचे एक कारण हे. शिवाय दुकानाच्या दर्शनी भागात बायकांना मशीनवर बसवून ते चालवून दाखवले जाई. हे काम बायकांना जमायचे नाही, असे म्हणणाऱ्यांना ते परस्पर उत्तर होते.

एवढे बायकांच्या जिवावर उभे राहिले, आणि घरी हा गृहस्थ कसा होता? पहिली बायको कॅथरिन, तिला त्याने लवकरच वाऱ्यावर सोडले. मेरी ॲन स्पॉन्सलर लग्नाच्या आशेवर जवळजवळ चोवीस वर्षे त्याच्याबरोबर राहिली, नाटकात उभी राहिली, मुले वाढवली. १८६० मध्ये कॅथरिनशी रीतसर घटस्फोट झाल्यावरही त्याने मेरी ॲनशी लग्न केले नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दुसऱ्याच बाईबरोबर गाडीतून जाताना तिने त्याला पाहिले. घरी आल्यावर त्याने तिला मारहाण केली. त्याला अटक झाली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला आणि साहेब युरोपात पळाले. निरनिराळ्या संसारांतून त्याला वीसांहून अधिक मुले होती. १८६३ मध्ये क्लार्कने भागीदारी मोडून नवी कंपनी उभारली. सिंगरकडे मोठा हिस्सा राहिला, कारभार राहिला नाही. त्याच वर्षी त्याने इझाबेला बॉयर हिच्याशी लग्न केले आणि अखेर इंग्लंडच्या समुद्रकाठी पेंटन गावी मोठा वाडा बांधायला काढला. तो पुरता होण्याआधीच, २३ जुलै १८७५ रोजी, तो वारला. मागे सुमारे तेरा दशलक्ष डॉलर ठेवले. घटस्फोटात आईच्या बाजूने बोललेल्या थोरल्या विल्यमला त्यांतले अवघे पाचशे मिळाले. मेरी ॲनने कोर्टात धाव घेतली, पण कायद्याने विधवा ठरली ती इझाबेला.

सिंगर गेल्यावर दहा वर्षांनी, १८८५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला कंपनीचा प्रचंड कारखाना सुरू झाला. कोकणातल्या माळ्यांवर आज जी सिंगर निघतात, त्यांतली बरीचशी तिथली. १५के, २८के, ६६के या क्रमांकांतला के म्हणजे तिथला किलबोवी हा भाग. बैठकीवर कोरलेल्या अक्षर-आकड्यांवरून मशीन कोणत्या वर्षीचे ते काढता येते. भारतात नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कंपनीचा व्यापार वाढवला. हाताने फिरवायचे मशीन आपल्याकडे चालले यात नवल नाही. ते ओटीवर पाटासमोर मांडून मांडी घालून शिवता येते. मुंबईच्या चाकरमान्याच्या सामानातून बोटीने ते बंदरावर उतरे आणि नवऱ्यामागे पोरे सांभाळणाऱ्या बाईच्या हाती दोन पैसे येत. १९३५ च्या सुमारास कलकत्त्यात देशी उषा मशीन निघाले, तेही याच घाटाचे.

आता मुद्दा माळ्यावरच्या मशीनचा. भंगारवाला ते किलोवर नेतो. हल्ली दुसरा गिऱ्हाईकही येतो: त्याला हवा असतो फक्त बिडाचा नक्षीदार स्टँड, वर काच टाकून टेबल करायला, डोके तो फेकून देतो. माझ्या मते देण्याआधी एक रविवार खर्च करावा. खाऱ्या हवेने चाक जाम झाले असेल तर जोर लावू नये. बहुतेक वेळा तो गंज नसतोच. कोणी तरी हाताशी होते म्हणून घातलेले खोबरेल आत चिकट होऊन बसलेले असते. सांध्यांत थेंब थेंब रॉकेल सोडावे, रात्रभर ठेवावे, चाक हलके हलवावे, पुसून मग मशीनचेच तेल द्यावे. सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नये. खालचा लाखेचा थर विरघळतो. १५ क्रमांकाच्या मशीनला आजची साधी सुई आणि बॉबीन चालते, आणि लुधियानात त्याचे सुटे भाग अजून बनतात. २८ चे होडीसारखे लांबट शटल हरवले असेल तर मात्र शोधाशोध करावी लागते.

आणि मशीन चालू झाले की त्यावर पहिली गोधडीच घ्यावी. दोन जुनी सुती लुगडी, मधे धोतराचा थर. सुई १८ नंबरची, टाका लांब, दाब थोडा सैल, आणि शिवण मधून कडेकडे, म्हणजे कापड फुगत नाही. हातच्या धावदोऱ्याची ऊब मशीनच्या गोधडीला येत नाही, असे जुन्या बायका म्हणतात आणि ते खरे आहे. मशीनचा टाका घट्ट, गोधडी जरा ताठ राहते. दोन पावसाळे अंगावर घेतली की मऊ पडते.